बाईंची बाकी

गणिताच्या बाईंचा नेम कधी चुकला नाही. फळ्याकडे तोंड करून त्या उदाहरण लिहीत असत, आणि मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं की वळून खडूचा तुकडा असा फेकत की तो नेमका कपाळावर बसे. वालूरच्या शाळेत माझ्या वर्गातलं एकही कपाळ त्यातून सुटलं नाही.

निवृत्त झाल्यावर बाई आमच्या समोरच्या घरात एकट्याच राहत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात. त्या सुमारास बोरी गावच्या माझ्या बहिणीनं मला आठ महिन्यांची एक मांजर दिली. करडी-पांढरी, भलती खेळकर. आमच्याकडे आधीच एक म्हातारी मांजर होती. या नव्या पोरीनं चार दिवसांत तिला माळ्यावर पळवलं, वर शेजाऱ्याच्या कोंबड्या भिंतीपलीकडे हाकलल्या. आरडाओरडा ऐकून बाई आल्या.

"काय पाहिजे तरी काय हिला?"

"बाई, हिला घरात दुसरं जनावर खपत न्हाई."

"मग आण माझ्याकडं. माझ्या घरात दुसरं कोण हाय?"

नावही त्यांनीच ठेवलं. "सगळे वजा केले की ही एकटी उरते. बाकी!"

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी सवयीनं खडू फेकला आणि बाकीनं तो हवेतच झेलला. मग रोज पाच वाजता ओसरीवर हाच खेळ. "तुमच्यापेक्षा हुशार हाय रे ही. तुम्हाला तर चुकवतासुद्धा येत नव्हतं," बाई मला ऐकवत.

एकदा त्यांच्या भाचीनं लग्नाला जाताना पोपटाचा पिंजरा बाईंकडे ठेवला. बाकीनं पोपटाला काहीच केलं नाही. ती पत्र्यावर जाऊन बसली, ती दुधालाही खाली येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाई शिडीवर, एका हातात दुधाची वाटी! ज्यांच्यापुढे हेडमास्तरसुद्धा दबकून बोलत, त्या बाई मांजरीची मनधरणी करत होत्या. "उतर गं माय. चुकलं माझं. देते त्याला पाठवून." अख्खी गल्ली बघत होती. पिंजरा दुपारच्या आत आमच्या घरी आला.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे पारच गेले. मुलगा न्यायला आला. त्याच्याकडे कुत्रा, आणि नातीचा जीव त्या कुत्र्यावर. बाईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बाकीला कडेवर घेऊन, काठी टेकत आमच्या दारात आल्या. आमची म्हातारी मांजर तोवर राहिली नव्हती.

"घरात दुसरं काही पाळणार?"

"न्हाई, बाई."

"तुझ्या पोरीनं कुत्र्याचं पिलू आणलं तर?"

"परत पाठवीन."

"नीट विचार करून सांग."

"केला, बाई."

चाळिशी उलटलेला मी, पण हात मागे बांधून उभा होतो. बाईंनी बाकीला माझ्याकडे दिलं आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसल्या.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवा म्हणाल्या, "स्पीकर लाव. तिच्याशी बोलायचंय." मी लावला.

"बाकी, ए बाकी!"

बाकीनं कान टवकारले. फोनच्या मागे जाऊन पाहिलं. मग तडक रस्ता ओलांडून बाईंच्या कुलूप लावलेल्या दाराशी जाऊन बसली.

"काय करायलीय रे?"

"खेळायलीय, बाई."

"खेळू दे," बाई म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही.