बिलावरचं नाव

काका माझ्या टेबलापाशी आले की विजेचं बिल उपडं ठेवत, त्यावर तळहात दाबत आणि म्हणत, "आकडा बाद में. पहिले सांग, सरकार किती देते?"

नंदनवनातल्या एका सोलरच्या दुकानात मी अर्ज भरायचं काम करतो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भीती दिसू नये म्हणून किंमत विचारताना ती आवाज चढवतात. काका मौद्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामगार होते. "जिंदगीभर कोळसा जाळला गा, आता ऊन जाळून पाहू," हे त्यांनी चहावाल्यालाही ऐकवलं होतं.

पण ही हौस नव्हती. काकूंची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चाले आणि बिल ऐपतीबाहेर गेलं होतं. म्हणून काकांनी कूलर बंद ठेवला होता. नागपूरचा मे महिना, आणि कूलर बंद! मला ऐकूनच घाम फुटला.

तीन किलोवॅटचा खर्च दोन लाखांच्या आसपास. बँक कर्ज देणार होती आणि पॅनल बसल्यावर अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान खात्यात येणार होतं. त्याशिवाय हप्ते झेपणारे नव्हते. सगळं जुळलं, तेव्हा मी ते बिल सरळ केलं. त्यावर नाव काकांच्या वडिलांचं. त्यांना जाऊन बारा वर्षं झालेली.

"मीटर तुमच्या नावावर करा लागन, काका. त्याले वारस म्हणून तुमच्या भावाचीही सही पायजे."

काकांनी बिल पुन्हा उपडं केलं. थोरल्या भावाशी वडिलांच्या तेरवीपासून बोलणं बंद होतं. घर काकांकडे राहिलं, म्हणून भाऊ रागाने कामठीला निघून गेला होता.

काकांना एकट्याने जायची हिंमत होईना, म्हणून शेअर ऑटोने मी सोबत गेलो. भाऊ यंत्रमागावर उभे होते. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही. कागद तेवढा वाचला.

"बापाचं नाव काढाले माही सही पायजे?"

"कागदावरूनच काढाचं आहे, भाऊ."

"एवढं एक बिल बुढ्याच्या नावानं येते. तेही खुपून राहिलं तुले?"

मी तोंड उघडणार, तोच काकांनी माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. काकूंच्या आजाराबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. भावाने सही न करताच कागद परत दिला.

ऑटोत मी चिडलो. "काकूचं काहून नाही सांगितलं?"

"सही मागाले गेलो होतो, भीक नाही. आन तू सांगशील ना, त तुह्या तोंडाकडे नाही पाहणार मी."

मला त्यांचा फार राग आला. ताठा यांचा आणि जीव काकूंचा जातोय! तरी तीन दिवस मी गप्प राहिलो.

चौथ्या दिवशी भर दुपारी गच्चीचं माप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. काकू भिंतीला टेकून धापा टाकत होत्या, ओठ निळसर पडलेले. मशीन बंद. काका समोर बसून घड्याळाकडे पाहत होते.

"दहाच मिनटं," ते म्हणाले. "तेवढंच मीटर थांबते."

मी धावत जाऊन बटण दाबलं. काकूंचे ओठ पुन्हा लाल होईपर्यंत थांबलो आणि थेट कामठी गाठली. भावाला सगळं सांगितलं. ऐकता ऐकताच त्यांनी माग बंद केला आणि तसेच, चप्पलसुद्धा न घालता, माझ्यासोबत ऑटोत बसले.

सही झाली, नाव बदललं, पॅनल बसले. काका मात्र दुकानात पुन्हा आले नाहीत. उरलेले कागद भावानेच आणून दिले.

अनुदान जमा झाल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. अर्जात नंबर माझाच होता. मी धावतच सांगायला गेलो.

दार काकूंनी उघडलं. नाकात नळी होती, पण चेहऱ्यावर तरतरी होती. "ते घरी नाहीत, बाबू," असं म्हणून त्यांनी नजर खाली घातली.

आतून दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकू येत होतं. पॅनल धुवायला गच्चीवर कोणी चढायचं यावरून.

"तुले चक्कर येते, तू बस."

"तुहे गुडघे पाहा पहिले!"

मला खूप बरं वाटलं आणि डोळेही भरून आले. मी दारातूनच मेसेज वाचला, आतपर्यंत ऐकू जावा इतक्या मोठ्याने. भांडण थांबलं. थोडा वेळ मी तिथेच उभा राहिलो. बाहेर कोणी आलं नाही.