कोपराचा गूळ

सोलापुरात मी सातवीला मराठी शिकवते आणि वाक्प्रचारांच्या बाबतीत मला कुणी अडवलेलं खपत नाही. यंदाच्या हिवाळ्यात मात्र ‘कोपराला गूळ लावणे’वर एका मुलीनं अडवलंच. अर्थ मी ठणकावून सांगितला होता. मिळणार नाही अशा गोष्टीचा लोभ दाखवून माणसाला झुलवत ठेवणं, कारण आपली जीभ काही आपल्या कोपराला पोचत नाही. सगळा वर्ग जिभा बाहेर काढून कोपराशी झटापट करत असताना ती म्हणाली, “पण बाई, दुसऱ्या हातानं पुसून खायचा की!”

“सोमवारी सांगते,” म्हणून मी फळा पुसला. राग आला तो माझाच. लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं, आणि गुळाच्या प्रश्नावर सोमवारचा वायदा!

रविवारी मोडनिंबजवळच्या आमच्या मळ्यात गेले. वडील गेल्यापासून गुऱ्हाळ आई चालवते. रस किती कढवायचा, काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो, आणि आमच्याकडे गुळव्याही तीच. हे बाईचं काम नव्हे म्हणणारेच आता तिला विचारायला येतात. रसातली मळी काढायला ती भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी वापरते, रंग उजळणारी रसायनाची पांढरी पावडर नाही. म्हणून तिचा गूळ तपकिरी होतो, आणि बाजाराला हवा पिवळाधमक. गेल्या साली निम्म्या ढेपा घरातच राहिल्या आणि पावसाळ्यात पाझरल्या. यंदाही असंच झालं तर गुऱ्हाळ बंद करीन, असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा पाक नुकताच वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतला होता. आई दोन्ही हातांनी फावडं धरून तो घोटत होती. या वेळी हात थांबला की गूळ जागच्या जागी आळतो आणि सगळा घाणा, म्हणजे त्या काहिलीचा सगळा माल, वाया जातो. नेमका तेव्हाच बार्शीचा एक व्यापारी आला.

“मावशी, उद्यापास्नं चिमूटभर पावडर टाका. पिवळा गूळ द्या, पाडव्यापतूरचा सगळा माल मी उचलतो.”

खरं सांगते, मोह मला झाला. आईची मनगटं सुजलेली दिसत होती. “आई, हो म्हण की,” मी म्हटलं, “सगळेच टाकतात.”

तिनं वरसुद्धा बघितलं नाही. “कोपराला गूळ लागलाय माज्या, दिसतंय न्हवं? गोड हाय म्हनून चाटाय गेले, तर हात सुटंल आन् ह्यो सगळा घाणा जाईल.” मग व्यापाऱ्याला म्हणाली, “तुमचं बी तसंच हाय, बाबा. न्हाय जमायचं.”

माझं उत्तर मला मिळालं. दुसरा हात असतो, पण तो कामात असतो. हे कुठल्या कोशात आहे की नाही मला ठाऊक नाही. माझ्यापुरती आईची साक्ष पुरे.

व्यापारी जायला वळला. मग कालच्या ढेपांकडे बघत, जरा आवाज उतरवून म्हणाला, “मावशी, यातली एक द्या की. घरी नातवंडं खात्यात, त्यास्नी पावडरीचा नगं.”

माझ्या जिभेवर तिखट शब्द आले होते. आई मात्र घोटता घोटता म्हणाली, “न्या की. हितनं रिकाम्या हातानं कुनी जात न्हाय.”

ढेप काखोटीला मारून तो गेला. गूळ घोटून झाल्यावर आईनं फावडं खाली ठेवलं, कोपरावरचा गूळ बोटानं निपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पुढच्या साली गुऱ्हाळ पेटेल का, हे तिलाही माहीत नाही. पण अशा आईची मी लेक आहे, हे मी सोमवारी वर्गाला सांगितलं. दुसऱ्या हाताचा अर्थ त्यानंतर सांगितला.