डॉक्टरांच्या गॅरेजातलं पाऊल

कितीतरी तपास विसरलो, पण कर्जतचा हा एक अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा तिथे नवा फौजदार होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

लढाई नुकतीच संपली होती, सिमेंट परमिटावर मिळे. गावातल्या डॉक्टरांनी जुनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी घराशेजारी गॅरेज बांधायला काढलं. पाया खणला, डॉक्टरीणबाईंनी त्यात नारळ फोडून हळदकुंकू वाहिलं आणि गवंड्याने पाया भरून वर जमिनीचं काँक्रीट ओतलं. भिंती अजून उठायच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ठाण्यात हजेरी चालू असताना, कशेळ्याकडच्या आदिवासी वाडीवरची एक ठाकरीण पायरीवर येऊन बसली. आत बोलावलं तरी येईना. शेवटी मीच बाहेर गेलो.

"सायेब, माझा दादला डागदराच्या कामावं गेला तो आलाच नाय," ती म्हणाली. "वाडी म्हनते, बळी देऊन गाडला त्याला. खड्ड्यात लाल सांडल्यालं लोकांनी बगितलंय."

ते कुंकू होतं, हे मी समजावलं.

"मंग मानूस कुटं हाय?"

बेपत्ता म्हणून नोंद केली आणि जमादाराला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ती मागोमाग आली.

डॉक्टर रडकुंडीला आले होते. दोन दिवस वाडीवरचं कुणी औषधाला फिरकलं नव्हतं. "फोडा सगळं," ते म्हणाले, "एकदा तिची खात्री होऊ दे." जमादाराने पहार मागवली. परमिटाचं सिमेंट फोडायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून आधी गवंड्याला विचारायला घेतलं.

गवंडी मोठा गप्पिष्ट. वाळू, खडी, पाणी, सगळं घडाघडा सांगे. त्या गड्याचा विषय निघाला की मात्र "सांजच्याला घरला गेला" एवढंच. माझे पहिले वरिष्ठ सांगत, जबाब घेताना माणसाच्या तोंडाकडे बघू नये, तो उभा कुठे आहे ते बघावं. तास झाला, ऊन डोक्यावर आलं, तरी हा त्या काँक्रीटवर एकाच जागी.

"जरा सावलीला ये रं," मी म्हणालो.

तो हलेना. जमादाराने दंड धरून त्याला बाजूला केलं. खाली वीतभर जागेचा रंग वेगळा होता.

गवंड्याने हात जोडले. "पलीकडं राहिलेली पानाची चंची घ्यायला गेला आन् वल्यात पाय पडला त्याचा. मी मस्करीत बोललो, आता दगडात पाय उमटला तुझा, फौजदार मोजून अलिबागच्या तुरुंगात धाडंल. तो पळाला तो पळालाच. काम नासलं म्हनून दुसऱ्या दिशी मीच पाय लिंपला."

थापीने तो लेप खरवडला. खाली रस्त्याच्या दिशेने निघालेलं एक पाऊल होतं, अंगठ्याचं टोक नसलेलं. बाईने ते बोटांनी चाचपलं. "कोयता लागल्याला हाय. ह्यो त्याचाच," म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

त्याचा भाऊ माथेरानला रिक्षा ओढत असे, म्हणून आम्ही वर गेलो. बाजार दिसताच ती म्हणाली, "तुमी मागं ऱ्हावा, आन् ती टोपी काढा." मी काढली. आख्ख्या नोकरीत वरिष्ठांनीसुद्धा मला असा हुकूम सोडला नव्हता.

नवऱ्याची स्वारी भावाच्या रिक्षेला मागून हात लावत होती. मला बघताच पळणार, तोच बाईने दंड पकडला. "पळ रं बाबा, पळ आता! बगते कुटं जातोस!"

त्याने हळूच मला विचारलं, "सायेब, पाय मोजला का?"

"मोजला. बायकोने ओळखला. तिच्याच ताब्यात देतोय."

डॉक्टरांनी ते पाऊल पुन्हा लिंपू दिलं नाही. मोटार त्याच्यावरूनच आत जाई.

भ्यालेला माणूस गुन्हेगारासारखाच पळतो, हे मी तेव्हा शिकलो. पण खरं शिकलो ते माथेरानहून उतरताना. मी तिला विचारलं, नवरा आम्हाला एवढा भ्याला, तुला नाही भीती वाटली?

"लई वाटली. म्हनून तं पायरीवंच बसले."

पुढे ज्या ज्या ठाण्यावर बदली झाली, तिथे सकाळी आल्यावर मी आधी पायरीवर कोण बसलंय ते बघायचो.