'बस की' म्हणणारी बाई

गेल्या रविवारी बावड्यात, माझ्याच घरी, माझ्याच सोफ्यावर बसून मी सकाळपासून नुसती चिडत होते. आधी फोनवर, मग स्पीकरवर, मग नवऱ्यावर आणि शेवटी सख्ख्या बहिणीवर...

बहीण म्हणजे आमची अक्का, माझ्याहून मोठी, गारगोटीला दिलेली. घरची पिठाची गिरण आहे आणि लग्न झाल्यापासून अक्का त्या गिरणीत उभी. त्या खडखडाटाने तिचे कान हळूहळू गेले.

पूर्वी अक्का बोलायला लागली की दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळायचं नाही. आता चार माणसांत ती गप्प बसते आणि नुसती हसून मान हलवते. ते हसणं मला बघवत नाही.

तिच्या मुलाने मध्यंतरी कानाचं मशीन आणून दिलं. तर बाईसाहेब ते चष्म्याच्या डबीत ठेवून मोकळ्या. डॉक्टरांनी बजावलंय की मशीन रोज घातलं नाही तर शब्द ओळखायची सवय मोडेल, मग मशीनचाही उपयोग होणार नाही. ओळखीची गाणी ऐकवा असं तेच म्हणाले. अक्काचं म्हणणं एकच... "मी बहिरी न्हाय. तुमीच समदी पुटपुटतायसा."

म्हणून मी तिला बोलावून घेतलं. काय ऐकवायचं हा प्रश्नच नव्हता. ऐंशीच्या दशकात अक्का कॉलेजला होती तेव्हा तिने एका परदेशी पॉप गायिकेची कॅसेट आणली होती. एवढाले केस, एवढाली कानातली, आणि आवाज असा की अख्खी गल्ली वैतागायची. आम्ही दोघी त्या बाईच्या पायी वेड्या झालो होतो.

इंग्रजी आमचं बेताचंच. कॅसेट घासून गुळगुळीत झाली, पण शब्द काही कळले नाहीत. एका गाण्यात मात्र आम्हाला चक्क मराठी ऐकू यायचं. बाई अगदी जीव तोडून म्हणायची, "बस की... बस की..."

आईला ती बाई फार आवडायची. आल्यागेल्याला बसवून घेते म्हणजे वळणाची असणार, असं तिचं मत. ते गाणं लागलं की आई भाकरी थापता थापता आतून त्या न बसणाऱ्या पाहुण्याची चौकशी करायची आणि आम्ही लोळून हसायचो. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तर रविवारी मी फोनवर तो अल्बम शोधला. एक अल्बम, पण त्याचे प्रकार किती... 'रीमास्टर्ड' काय, 'डिलक्स' काय. कुणी सांगितलं होतं यांना? गाण्यांचा क्रम बदललेला, आणि दोन गाण्यांच्या मध्ये सिमेंटची जाहिरात. त्यात स्पीकर माझ्या फोनला सोडून सारखा नवऱ्याच्या फोनला जोडला जात होता. बाई ऐन रंगात आली की शेअर बाजाराचं प्रवचन सुरू.

हे कमी होतं म्हणून स्क्रीनवर गाण्याचे शब्द सरकायला लागले. आणि मी मूर्खासारखे ते वाचले. तिथे 'बस की' नव्हतंच. भलतंच काहीतरी होतं, सोडून जाणाऱ्या माणसाबद्दल. खरे शब्द इथे लिहीत नाही, तुमचं वाटोळं कशाला करू... पण त्यानंतर मी गाणं किती वेळा मागे नेऊन ऐकलं, मला 'बस की' ऐकूच येईना. इतका राग आला त्या फोनचा. आईच हातातून निसटल्यासारखी वाटली.

इकडे अक्का कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून बसलेली. पहिल्याच गाण्याला म्हणाली, "पत्र्याच्या डब्यात बसून गातीया बया." आणि मशीन काढून रुमालात गुंडाळायला लागली.

मग मात्र माझा तोल गेला. मी ओरडलेच तिच्यावर. नको घालू म्हटलं, पण मग माझ्याशी तास तास फोनवर बोलणारी बहीण मला परत आणून दे. मी एकटीच बडबडत असते आणि पलीकडून नुसतं 'हां, हां' येतं, मला कंटाळा आलाय त्याचा. मशीन नसतानाही तिला ते सगळं कळलं असणार, कारण तिचे डोळे भरून आले.

मग तिने फुरंगटून मशीन पुन्हा कानात घातलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी तेच गाणं लावलं. स्क्रीनवर शब्द सरकत होते, मला तेच इंग्रजी ऐकू येत होतं. अक्काने स्क्रीनकडे पाहिलंही नाही.

धृपद आलं. अक्काची मान वळली. थेट आईच्या सुरात ती म्हणाली, "आजून बसला न्हाय व्हय गं त्यो पावणा?"

मी गाणं पुन्हा लावून फोन पालथा घातला. तर बाई स्वच्छ म्हणत होती, "बस की... बस की..." आम्ही दोघी हसत आणि रडत तिच्यामागून ओरडायला लागलो. आतून नवरा काय झालं म्हणून बघायला आला आणि आम्ही त्याच्याकडे हात करून 'बस की' म्हटल्यावर निमूट बसला.

अक्का संध्याकाळच्या एसटीने गेली, मशीन कानात घालूनच. गारगोटीला पोचल्यावर तिचा फोन आला. एसटीत मागच्या सीटवरच्या बायका कुणाच्या सुनेबद्दल काय काय बोलत होत्या ते तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं... मला एक शब्द बोलू दिला नाही. फोन कानाला धरून मी नुसती 'हां, हां' करत राहिले.