ताईच्या मापाचा स्वेटर

विणकामाच्या पुस्तकातल्या बाईला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. छाती, कंबर, खांदे, सगळं कसं पट्टीनं आखल्यासारखं! अशी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात मला तरी दिसलेली नाही. मिशनच्या शाळेत विणकाम शिकवणाऱ्या बाई बजावायच्या, पुस्तकात लिहिलेत तेवढेच टाके घाला. मी ऐकायची नाही. हातावर छड्या खाल्ल्या, पण ऐकलं नाही, कारण घरी माझ्यासमोर ताई होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अंगानं दणकट, छातीनं भरलेली. बाजारातला कुठलाही स्वेटर तिला पुढून आखूड व्हायचा आणि बटणं तुटायला यायची. मग मी पुढचा भाग पाठीपेक्षा आठ ओळींनी लांब विणायला शिकले, काखेखाली टाके वाढवायला शिकले, गळा जरा खोल घेऊन मान लांब दाखवायला शिकले. आडवे पट्टे तिच्या अंगावर कधी येऊ दिले नाहीत. "मला बारीक दाखवायचा धंदा काढलाय हिनं," असं ती चारचौघींत सांगायची आणि स्वेटर मिरवायची. लग्न होऊन श्रीगोंद्याकडच्या गावात गेली तरी तिचे स्वेटर मीच विणत राहिले.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. लेकीचा साखरपुडा जानेवारीत ठरला होता. "नवा स्वेटर कर मला. लई दिवसांत काय मागितलं न्हाई तुला." मी म्हटलं, नगरला ये, टेपनं माप घेते. दिवाळीच्या सुट्टीतही ती आली नव्हती. तर म्हणे, गाई कोण बघणार? आणि दाजींच्या हाती मापाचा ब्लाउज धाडून दिला. आपण शिंप्याला देतो तसा! मला राग आला, पण मुकाट्यानं त्या ब्लाउजवरून टाके मोजले आणि महिनाभर खपून स्वेटर पुरा केला.

डिसेंबरात मी स्वत:च तो घेऊन गेले. ताईचा चेहरा छान गोल झाला होता. मी म्हटलं, वा, काय बाळसं धरलंयस! तिनं शाल काढून स्वेटर घातला. तो खांद्यांवरून घसरला, काखेखाली माझी मूठ जाईल एवढी जागा राहिली. माझं डोकंच फिरलं. "कुठल्या जमान्यातला ब्लाउज पाठवलास गं? डोळे फोडून विणलाय मी!" दाजी उठले आणि गोठ्याकडे गेले. ताई खाटेवर बसली.

"पोटात गाठ हाय," ती म्हणाली. "पसरलीय. डॉक्टरनं सांगितलंय, लई दिवस न्हाईत. तोंड गोळ्यांनी सुजलंय, ते बाळसं न्हाई."

ज्या तोंडानं तिच्यावर ओरडले होते ते तोंड कुठे लपवावं असं झालं. शेवटी विचारलं ते काय, तर हेच, की मग जुना ब्लाउज का पाठवलास?

"तुला कळू द्यायचं नव्हतं गं. पन आता कळलंच हाय तर एक काम कर. इतकी वर्सं मला बारीक दाखवलंस. आता जाड दाखव."

पोरगी पुण्याला नोकरीत. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताईचं म्हणणं एकच, तिला कळलं तर ती लग्न मोडून उशाशी येऊन बसेल. साखरपुडा होऊ दे, मग सांगू. मी भांडले. म्हटलं, तिची आई आहेस तू, तिला कळायला पाहिजे, असली नाटकं मी विणणार नाही. "बरं," ताई म्हणाली, "मग दाजींचं जर्किन घालून बसते." एवढं बोलून ती हसली आणि मला रडू कोसळलं. मी टेप काढला. माप घेताना तिचे हात वर राहत नव्हते, मधेच दोनदा तिला बसवावं लागलं.

त्याच दुपारी आख्खा स्वेटर उसवला. मी लोकर ओढत गेले आणि ताई गुंडाळत गेली. नगरला परतले आणि जन्मभर जे जे टाळलं ते सगळं घातलं. लोकर दुपदरी घेतली, छातीवर रुंद आडवे पट्टे घातले, त्यांवर उठावाचे दाणे भरले. गळ्याची हाडं झाकायला उंच कॉलर, मनगटं दिसू नयेत म्हणून तळव्यापर्यंत बाही, खांद्यांना आतून दुहेरी वीण. अंगापेक्षा मात्र दोनच बोटं सैल ठेवला, कारण ढगळ स्वेटरात वाळलेला माणूस जास्तच वाळका दिसतो. एकेक दाणा विणताना मी देवाशी भांडत होते, पण टाका एकही चुकू दिला नाही.

साखरपुडा सकाळी अंगणात झाला, थंडीही मजबूत होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, अंगठ्या घातल्या गेल्या. मुलाकडची एक बाई म्हणाली, "विहीणबाई, तब्येत छान ठेवलीय हो!" ताईनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. लेकीनं तिला मिठी मारली. "मम्मी, किती गुबगुबीत झालीयस गं! मला उगाच काळजी लागली होती." खोटं कशाला बोलू, तेव्हा मला माझ्या हातांचा अभिमान वाटला.

मग सांगू, मग सांगू, करत ते राहूनच गेलं. लग्न मे महिन्यात होतं. फेब्रुवारीत पोरीला आठ दिवस घरी यायचं होतं. फोनवर मलाच म्हणाली, "मम्मी ठणठणीत आहे, मावशी, तर रजा लग्नालाच ठेवते." मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. ताईला शब्द दिला होता म्हणून मी "बरं बाई" म्हटलं आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये ताईला नगरच्या दवाखान्यात आणलं. पोरगी पुण्याहून पोचली तेव्हा ताईची शुद्ध गेली होती. पोरीनं दिवसभर मम्मी, मम्मी अशा हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.

माती देऊन आलो. पोरगी ताईच्या खाटेवर बसली होती, तो स्वेटर मांडीवर उलटा करून. खांद्यांची दुहेरी वीण तिनं बोटांनी चाचपली, बाह्यांची लांबी पाहिली, दाण्यांवरून हात फिरवला. तिला सगळं कळलं. ती माझ्या अंगावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वर पाहिलं आणि अगदी हळू विचारलं,

"मावशी, इतका चांगला कशाला विणलास गं?"