सुजाताने फोडलेली ओळ

बातमी शेजारच्या काकूंच्या फोनवर आली. सुजाताचा भाऊ होता. "ताई, आमची सुजाता गेली," एवढंच बोलला आणि त्याने फोन ठेवला. तिला कावीळ झालीय हे मला माहीत होतं. आदल्याच रविवारी घाटकोपरला जाऊन तिला भेटून आले होते. तेव्हा पिवळे डोळे मिचकावत म्हणाली होती, "बघ ना, हळद लागल्यासारखी दिसतेय की नाही?"... सत्तावीस वर्षांची मुलगी. मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही आणि हे मी त्या रागातच लिहितेय. हळवं काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

आम्ही दोघी गणिताच्या एम.एस्सी.ला एका बाकावर. मी अंधेरीची, वडील मूळचे मालवणचे, गिरणीत होते. सुजाता घाटकोपरच्या टेकडीवरच्या बौद्ध वस्तीतली. दुसऱ्या वर्षी एक विषय आपला आपण निवडायचा होता, त्यात क्रिप्टोग्राफी होती, म्हणजे सांकेतिक लिपी घडवायची आणि दुसऱ्याची फोडायची. वर्गातल्या पोरांना वाटलं, हेरगिरी शिकवणार, झकास. निघालं भलतंच. मूळ संख्या, भागाकार, बाकी, परत भागाकार. पुस्तक एकच, तेही सरांच्या कपाटात. कॉम्प्युटर होता, पण त्याच्या खोलीला कुलूप. मग आम्ही कँटीनमध्ये आलेखाच्या कागदावर अक्षरं मोजत बसायचो, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते. माझी वाट लागायची. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे नुसत्या रेघा नाचायच्या. सुजाता मात्र पाव-मिसळ चिवडत कागदाकडे बघत बसायची आणि मधेच म्हणायची, "हे लिहिणारा माणूस कंटाळलाय गं. बघ, शेवटी शेवटी घाई केलीय." तिला अक्षरांमागे माणूस दिसायचा. मला कधीच दिसला नाही.

सरांचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर छापलं जाणार नाही. हुशार होते, ते नाकारत नाही. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी फळ्यावर स्वतःची एक सांकेतिक ओळ लिहिली. मजकूर मराठी, पण रोमन अक्षरांत. मनात एक शब्द धरायचा आणि त्या शब्दाच्या अक्षरांप्रमाणे मजकुराचं एकेक अक्षर वर्णमालेत तेवढं पुढे सरकवायचं, अशी ती पद्धत. मनातला शब्द कळला की कुलूप उघडलं. सर म्हणाले, "सत्र संपेपर्यंत कुणाकडून हे व्हायचं नाही. फोडलं तर मी स्वतः तुमची शिफारस करीन." सुजाताला एका मोठ्या संस्थेत संशोधनाला जायचं होतं. त्यासाठी पहिला वर्ग आणि सरांची शिफारस, दोन्ही लागणार होतं. तिच्यासाठी तो काही खेळ नव्हता.

पुढच्याच तासाला ती उठली, फळ्याजवळ गेली आणि खडू घेऊन सगळी ओळ उलगडून दाखवली. सर बघत राहिले. "कसं काढलंस?" तर म्हणाली, "सुरुवातीला श्री असणार असं धरलं सर. तिथून उलटं मोजलं, तर तुमच्या शब्दाची पहिली अक्षरं मुलु अशी निघाली. पुढचं मुलुंड सोपं होतं." सर मुलुंडचे. वर्ग हसला. सरांनी विचारलं, "श्रीच का धरलंस?" तिने सरळ सांगितलं, "तुम्ही सगळे कागदावर आधी तेच लिहिता ना. आमच्याकडे लिहीत नाहीत, म्हणून माझ्या लगेच डोळ्यांत भरतं." खरं सांगते, मी लहानपणापासून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर श्री लिहीत आलेय, अगदी वाण्याच्या यादीवरसुद्धा, आणि मला ते सुचलं नव्हतं. वर्गात कुणालाच नाही. सांकेतिक लिपीचे धडे देणाऱ्या माणसाने गुपित लिहितानाही सवयीने श्री लिहिलं होतं. यात सरांची मान खाली जावी असंही काही नव्हतं. दोन शब्द कौतुकाचे बोलून मोकळं होता आलं असतं.

सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, "की माझ्या टेबलावरचा कागद वाचलास?" तिने खडू खाली ठेवला. मी उठून म्हणाले, "सर, ती माझ्याशेजारी बसून सोडवत होती, मी पाहिलंय." तर म्हणे, "मैत्रीण आहेस, तू दुसरं काय सांगणार." नंतर मी त्यांच्या खोलीत गेले, विभागप्रमुखांकडे गेले, सगळीकडे तेच उत्तर... बघू, चौकशी करू. वर्गातल्या कामाचे मार्क सरांच्याच हातात असायचे, तिथे सुजाताला इतके कमी मार्क पडले की पहिला वर्ग हुकला. शिफारस तर सोडाच. संस्थेने दार उघडलंच नाही. ती कुर्ल्याला एका क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवायला लागली. "जाऊ दे गं, मुलं छान आहेत," म्हणायची. मला तिचा तो समजूतदारपणाही सहन व्हायचा नाही. अगं, भांड ना कधीतरी.

तर आता शोकसभा. माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजात घेतली होती. सर बोलायला उभे राहिले, रुमाल काढला. म्हणाले, "माझी ओळ या मुलीने पुढच्याच तासाला फोडली होती. मी तेव्हाच ओळखलं होतं, ही माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी." माझं डोकंच फिरलं. जिवंत होती तोवर चोर आणि गेल्यावर लाडकी? मी उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुजाताची आई उभी राहिली. "सर, तवा का नाही बोललात?" बास, एवढंच. सर म्हणाले, "आई, त्या वेळी परिस्थिती वेगळी होती." परिस्थिती म्हणे.

गेल्या रविवारी सर टेकडी चढून घरी आले. तिच्या नावाने बक्षीस सुरू करायचं होतं, आईची संमती हवी होती. मी तिथेच होते. आई म्हणाली, "बक्षीस नको. तिचे मार्क नीट करून द्या." सर म्हणाले, नियमात बसत नाही. दम लागला होता त्यांना, बोलता बोलता खिडकीजवळच्या खुर्चीत टेकले. त्या खुर्चीत सुजाता पेपर तपासायची, आजारपणातही तिथेच उजेडाला बसायची. ती गेल्यापासून घरातलं कुणी तिथे बसत नाही, भाऊसुद्धा जमिनीवर बसून जेवतो. आईचा आवाज चढला नाही.

"उठा सर तिथनं. ती तिची जागा हाय. एवढी तरी तिची राहू द्या."

सर उठले. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती.