करंज्याला वर न केलेला हात

एस्पेरांतो ही कुठल्याच गावाची भाषा नाही. जगातल्या माणसांना एकमेकांचं समजावं म्हणून कुणीतरी बसून तयार केलेली. पनवेलजवळच्या करंजाडेच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं मी ती एकटीने पुस्तकातून शिकले. वाचते, लिहिते, पण कोणी बोललं की सगळं डोक्यावरून जातं. ऐकायला माणूसच नव्हतं. तसं मराठी बोलायला तरी घरात कोण आहे म्हणा!

मग ही भाषा बोलणाऱ्यांच्या एका ऑनलाइन यादीत इस्माईलचाचा सापडले, तेही उरणजवळच्या करंज्याला. चार मेसेज झाले आणि रविवारी मी निघाले.

पनवेल स्टँडवरून उरणची एसटी सकाळी लवकरची धरा. नंतर कंटेनरच्या ट्रेलरांमागे तिची गोगलगाय होते. तिकीट शंभराच्या आत. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेतलेली मावशी होती.

"म्हावरा घ्यायला चाललीस गो?"

"नाही मावशी, एकांशी बोलायचंय."

"बोलाया येवढ्या लांब? फोन नाय तुज्याकडं?"

मी तिच्या टोपलीला पायाशी जागा करून दिली.

उरणहून शेअर रिक्षाने करंज्याच्या बंदरावर पोचले, तेव्हा मासळीचा लिलाव आटपत आला होता. बोंबील वाळत घातलेले. नाकाला रुमाल लावू नका, पाच मिनिटांत सवय होते. चाचा पांढऱ्या टोपीत वाट बघत उभे होते. घरी तांदळाची भाकरी आणि तळलेली मांदेली तयार होती. आग्रह इतका की विचारू नका.

"कुवेतला माझा एक इरानी दोस्त होता, त्यानंच ही जबान शिकवली," चाचा म्हणाले. "आमचा कायदा होता बेटा. नाय समजलं का हात वर करायचा. समोरच्यानं थांबायचं, परत सांगायचं. दोस्त गेला, त्याला सहा सालं झाली. तवापासून ही जबान बोललो नाय. चल, आता मराठी बंद."

मी फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागितली आणि ते सुरू झाले. भरती यावी तसे बोलत होते. मी पहिल्या शब्दाचा मराठी अर्थ जुळवेपर्यंत दहावा निघून गेलेला. हात वर करायची लाज वाटली. इतक्या लांबून आलेली मी, तीन वर्षं शिकलेली! मान डोलावत राहिले, "येस, येस" करत राहिले. हो म्हणायला त्या भाषेतही येसच.

दोन तासांनी ते उठले. निघताना 'परत ये' म्हणाले नाहीत. परतीच्या एसटीत मला तेच सलत होतं.

घरी आल्यावर रेकॉर्डिंग लावलं. शेवटचा एकच तुकडा अकरा वेळा ऐकला, तेव्हा वाक्यं सुटी झाली. चाचा म्हणत होते, "पहिलं वर्षभर माझा हात खाली येतच नव्हता. त्यातूनच दोस्ती झाली. तुझा एकदाही वर आला नाही. तुला सगळं येतं. माझी गरज नाही, होय ना?"

आणि मागोमाग माझा आवाज, अगदी आत्मविश्वासाने, "येस."

मला रडू आलं. सहा वर्षांनी एक माणूस बोलायला बसला आणि मी त्याला हे ऐकवून आले. काही वेळाने चाचांना फोन लावला. ते एस्पेरांतोत भरभर काहीतरी बोलू लागले. पहिल्याच वाक्याला मी अडवलं.

"चाचा, फोनवर दिसत नाही म्हणून सांगते. हात वर केलाय."

पलीकडे ते थांबले. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू.